इलस्ट्रेशन शिकायला नुकतीच सुरुवात केलीय, आधी काय करू? आयपॅड लागेलच का?

प्रश्न वाचला. देवगडची आहेस, यंदाच आर्ट कॉलेजला गेलीस, पुढे इलस्ट्रेशनच करायचं ठरवलंयस आणि तीन गोष्टी विचारल्यायस, सुरुवात कुठून करू, आयपॅड घ्यावाच लागेल का, आणि वर्गात सगळ्यांची काही ना काही स्टाइल आहे, माझीच नाही, ती कधी येणार. मी वेंगुर्ल्याची, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, अधूनमधून दिवाळी अंकांचंही काम असतं. वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस.

स्टाइलचं आधी उरकते. तो विषय सध्या सोडून दे. पहिल्या वर्षात ज्याला स्टाइल म्हणतात ती बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवरच्या कुणाची तरी उसनी आणलेली असते, मोठे डोळे, गुलाबी गाल, नाकावर पांढरा ठिपका. चार वर्षांनी ती आपोआप गळून पडते आणि तोवर तुझा हात कुठे वळतो हे तुला कळलेलं असतं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस की रोज एक चित्र काढून पोस्ट करतेस. कर, हात चालता राहतो, पण त्यात इलस्ट्रेशन शिकणं फार होत नाही कारण त्या चित्राला काही काम नसतं गं. आपल्या धंद्यात चित्राच्या बाजूला मजकूर असतो आणि अर्धी मेहनत पेन्सिल हातात घ्यायच्या आधीच होते, कुठला क्षण काढायचा आणि कुठला मुद्दाम सोडून द्यायचा हे ठरवण्यात. म्हणून माझं उत्तर एवढंच की रिकाम्या कागदापासून सुरुवात करू नकोस, मजकुरापासून कर.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घे, सगळ्यांना पाठ असते. कुणालाही सांग चित्र काढ म्हणून, भोपळ्यातून डोकं काढलेली म्हातारी आणि जीभ बाहेर काढलेला वाघ हेच येणार. आता विचार कर, ‘भोपळा टुणुक टुणुक चालला’ हे वाक्य पानावर छापलेलंच आहे, मग तू तेच परत काढून वाचणाऱ्या पोराला नवीन काय दिलंस? त्यापेक्षा जाताना वाघ भेटतो तेव्हाची म्हातारी काढ, हाडं वर आलेली, काठीवर वाकलेली, आणि परत निघतानाची काढ, लेकीकडचं तूप खाऊन गाल वर आलेले, लुगडं घट्ट झालेलं. दोन्ही चित्रांत वाट तीच, झाड तेच, फक्त म्हातारी बदलली, मजकुरात ‘जाडजूड’ हा एक शब्द आहे पण पोराला ते दिसतं चित्रात. नाहीतर भोपळ्याच्या आतून काढ, काळोख, बियांचे धागे लोंबतायत आणि एका भोकातून वाघाचा पिवळा डोळा. किंवा वाघ काढूच नकोस, नुसती त्याची सावली भोपळ्यावर पडू दे. असे अंगठ्याएवढे चौकोन आखून एकाच गोष्टीचे दहाबारा पर्याय काढायचे, घाणेरडे, काडीमाणसं चालतील. त्याला थंबनेल म्हणतात आणि माझ्या मते पहिल्या वर्षात यापेक्षा जास्त उपयोगाचा अभ्यास नाही. वर्गात सर तयार, घोटलेलं काम मागतात तेव्हा हे कुणी तपासणार नाही, तरी कर.

आणि तुला हे शिकायला लांब जायला नको. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे, परशुराम गंगावणेंना 2021 साली पद्मश्री मिळाली ते तिथलेच, त्यांनी घरच्या जागेत संग्रहालय केलंय. जाऊन ये, आणि लोककला म्हणून हात जोडून परत येऊ नकोस, इलस्ट्रेटरच्या नजरेने बघ. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, सांगणारा एकेक चित्र पुढे ठेवून गाऊन गोष्ट सांगतो आणि मग पुढचं. म्हणजे शब्द त्याच्या तोंडात आणि चित्र समोर, आपल्या पिक्चर बुकचंच काम की हे. त्यात काय काय गाळलंय ते बघ. मागे डोंगर नाही, आभाळ नाही, रान दाखवायचं तर एखादं झाड, पात्रं समोरासमोर उभी, डोळे मोठे, हातांच्या खुणा लांबून कळाव्यात अशा. रात्री दिव्याच्या उजेडात मागे बसलेल्यालाही कोण कोणाशी बोलतंय हे कळायला हवं, त्या गरजेतून हे सगळं आलं असावं असं मला वाटतं. त्यातल्या एका पोथीतली ओळीने पाच चित्रं स्केचबुकात उतरवून घे आणि प्रत्येकाखाली एका वाक्यात लिही की काय घडतंय. एका चित्राला दोन वाक्यं लागली तर परत बघ, बहुतेक तुझंच काहीतरी सुटलेलं असेल.

तिथून सावंतवाडी जवळच आहे, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, बघायला मिळतो. दशावतारी गंजिफाची पानं 120, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, त्यात राजा आणि प्रधान सोडले तर उरलेली एक ते दहा आकड्यांची. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशु. आता एका छोट्या गोल पानात दहा मासे बसवायचे आहेत, गर्दी वाटता कामा नये आणि खेळताना एका नजरेत मोजता आले पाहिजेत, करून बघ एकदा. मी विद्यार्थी असताना ही एक्सरसाइज स्वतःला दिली होती, गोल कागदात निगेटिव्ह स्पेस, म्हणजे आकारांमधली मोकळी जागा, म्हणजे काय ते जितकं कळलं तितकं डिझाइनच्या लेक्चरला नाही कळलं. पुढे मासिकात कोपऱ्यात बसणारी छोटी चित्रं काढायला लागलीस की हेच उपयोगी पडतं.

स्केचिंग. हे रोज, यात सूट नाही. तुमच्याकडे बंदर आहे, मुंबईची पोरं मॉलमध्ये बसून पाठमोरी माणसं काढतात बिचारी. संध्याकाळी लिलावाच्या वेळी जाऊन बस, माणसं थांबत नाहीत, ओणवी होतात, टोपल्या उचलतात, भांडतात, अर्ध्या मिनिटात जे येईल ते. कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर सोडू नकोस. दोरी ओढणारा माणूस हाताने ओढत नसतो, सगळं अंग मागे टाकतो, टाचा वाळूत रुतवतो, मान खाली, आणि दोरी एकदम ताठ सरळ रेघ. आधी ती दोरीची रेघ मार, मग टाचेपासून डोक्यापर्यंत अंगाची एक तिरकी रेघ, मग बाकीचं. रांगेतल्या पाच माणसांचा तिरकेपणा वेगवेगळा असतो, म्हातारा कमी झुकतो, पोरगा जास्त, आणि एखादा नुसता दोरी धरून उभा असतो, तोही दिसतो बरं. वजन कागदावर आलं की चेहरा नसला तरी चालतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, लोक जाळी दुरुस्त करत बसतात, तासभर एकाच जागी बसलेलं मॉडेल फुकट मिळतं. फक्त आधी विचार आणि काढलेलं दाखव, मग चहा पण मिळतो.

त्याच सुमारास गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बस. पाट आलेले असतात, माती मळणं चालू असतं, पण तुझं काम शेवटी शेवटी, डोळ्यांची आखणी सुरू होते तेव्हा. आखणारा करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवतो, बारीक ब्रश, श्वास धरून एका दमात पापणीची रेघ, सुरुवातीला बारीक मध्ये जाड परत बारीक. दाब कमीजास्त करणारी ती रेघ डिजिटल पेनाच्या स्टॅबिलायझरने, म्हणजे थरथरती रेघ आपोआप सरळ करणाऱ्या सोयीने, येत नाही. एखाद्या जुन्या माणसाने ब्रश हातात दिला तर आधी रद्दी पेपरवर शंभर पापण्या काढ, मूर्तीला हात लावू नकोस.

आणि जुने दिवाळी अंक शोध. त्यांत चित्रं काढणारे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघंही मूळ गोव्याचे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. दलाल 1916 चे, त्यांनी 1945 मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ काढलं. लोक कव्हरवरच्या बायकांबद्दल बोलतात, तू आत कथेच्या वर छापलेली काळ्या शाईतली चित्रं बघ. तेव्हा रेषेचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून छापणं स्वस्त पडायचं, करडा रंग मिळायचा नाही, म्हणून सावलीसुद्धा रेषांनी नाहीतर सरळ काळ्या ठोकळ्याने दाखवायला लागायची. कथा आधी वाच, मग विचार की याच प्रसंगाचं चित्र का. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं आहे, अशा जुन्या वाचनालयांत जाऊन विचारलं तर अंक निघतात कधीकधी, तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा.

आयपॅड. यंदा नको. घरी जड नसेल तर घ्या, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. फोनवर आयबिस पेंट हे चित्रांचं अ‍ॅप चालतं, लॅपटॉप असेल तर क्रिता हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे आणि त्याला जोडायला साधा पेन टॅबलेट पुरतो. त्या पैशात चांगला कागद घे, वॉटरकलर करणार असशील तर 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, रोजच्या सरावाला साधा कार्ट्रिज कागद आणि बॉलपेन. फक्त आपल्याकडे पावसाळा आहे हे यूट्यूबवाल्यांना माहीत नसतं. जुलैत कागद हवेतलं पाणी पितो, त्याचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच मुरू न देणारा लेप, गेलं की रंग वर न राहता ब्लॉटिंगसारखा आत शोषला जातो आणि ठिपके ठिपके दिसतात, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तासभर ओला राहतो, आणि ओल्या रंगाच्या डबीचं झाकण लावलंस तर आठवड्यात पांढरी बुरशी. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात वरच्या खणात ठेव, भिंतीला टेकवून नको. रंगाची डबी वाळवून मगच बंद कर. शाईवर रंग चढवायच्या आधी नेहमीपेक्षा दुप्पट थांब, वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी. मी तर पावसात जास्त करून शाई आणि डिजिटलच करते, वैताग नको.

डिजिटल काढशील तेव्हा पहिल्यापासून छपाईची सवय लाव. फाइल 300 डीपीआय, कडेने 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जास्तीचं चित्र, आणि स्क्रीनवर दिसणारा तो झगझगीत समुद्री हिरवा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, छापून मळकट येणार हे धरून चाल. दोन पानी चित्र असेल तर मधल्या घडीत कुणाचा चेहरा ठेवू नकोस, पुस्तक उघडलं की नाक गायब.

सरावाला खरा मजकूर हवा असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत, मोकळ्या परवान्याच्या, म्हणजे वापरायला मुभा असलेल्या. एखादीची चित्रं न बघता फक्त मजकूर उतरवून घे, स्वतः पानं पाड, थंबनेल कर, मग त्यांची चित्रं उघड. पोर्टफोलिओत पन्नास सुटी पोर्ट्रेट असण्यापेक्षा अशी एक पूर्ण गोष्ट असली तर काम देणारा जास्त वेळ बघतो, कारण पहिल्या पानावरची मुलगी बाराव्या पानावर तीच दिसते का हे त्याला बघायचं असतं. आणि ते अवघड आहे, करून बघ.

शेवटी एक, आत्ता कामाचं नाही वाटणार पण दुसऱ्या वर्षापासून ओळखीतली कामं यायला लागतात, कुणाचं होमस्टे, कुणाचा आंब्याच्या पेटीवरचा लेबल. तेव्हा किती चित्रं, किती वेळा बदल, कशावर छापणार आणि किती वर्षं हे साध्या मेलवर का होईना लिहून घे, हक्क लिहून द्यायची वेळ आली तर सहीच्या कागदावर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहून देताना मुदत टाकली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश टाकला नाही तर भारतापुरतं, पण पैसे घेऊन काढून दिलेल्या पेंटिंगच्या बाबतीत काहीच ठरलेलं नसेल तर हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. आणि अर्धे पैसे आधी घे, काका असले तरी.