'नीतिमान ठरवणे' : भर कोणत्या शब्दावर?

बडोद्याच्या फतेगंजमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी मराठी बायबल, चर्चमधली उपासना गुजरातीत, आणि सासरची माणसं इंदूरची, ती हिंदी वाचणारी. प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायाची पहिली ओळ मराठीत सांगते की आपण विश्वासाने 'नीतिमान' ठरवले गेलो. गुजरातीत तिथे 'न्यायी' आहे, हिंदीत 'धर्मी'. मग बरोबर कोणतं? शिवाय संडे स्कूलमधली मुलं 'नीतिमान' म्हटलं की 'चांगल्या वागणुकीचा माणूस' एवढंच समजतात, तर 'नीतिमत्करण' असा वेगळा शब्द वापरावा का?

तिन्ही भाषांतल्या ओळी शेजारी ठेवा. विशेषणं तीन आहेत, पण क्रियापद एकच: ठरवणे, ठराववुं, ठहराना. अर्थाचा सगळा भार त्या क्रियापदावर आहे, आणि आपण मात्र विशेषणावर अडून बसतो.

मुलं 'नीतिमान'चा जो अर्थ घेतात तो मराठी म्हणून बरोबरच आहे. पण शेजारच्या भाषांतून शब्द उसना आणून काम भागणार नाही. मराठीत 'न्यायी' म्हणजे न्याय करणारा. 'न्यायी राजा' आपण म्हणतो, 'न्यायी कैदी' म्हणत नाही. 'धर्मी' तर मराठीत एकटा सहसा येतच नाही, स्वधर्मी-परधर्मी असा जोडीनेच येतो. तेव्हा 'नीतिमान' राहू द्यावा.

आता 'ठरवणे'. सूरसागराजवळच्या न्यायमंदिरात कित्येक वर्षं कोर्ट भरत होतं. तिथून बाहेर पडलेल्या माणसाबद्दल 'निर्दोष ठरला' असं म्हटलं, तर न्यायाधीशाने त्याचा स्वभाव बदलून टाकला असा अर्थ कुणी घेत नाही. निकाल लागला, एवढंच. पौलाचं मूळ ग्रीक क्रियापद 'दिकाइओओ' याच जातीचं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात (ओवी २९) योहानाचा बाप्तिस्मा घेतलेले जकातदार आणि सामान्य लोक देवाला 'न्यायी' म्हणतात, तिथेही ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. माणसं देवाला न्यायी बनवू शकत नाहीत, तो न्यायी आहे असं मान्य करू शकतात. या एका ओवीवरून क्रियापदाचा पोत कळतो.

याहून मोठी गोष्ट जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकात, २३:६-८ मध्ये आहे. लाच घेऊन न्याय फिरवू नका, असं तिथे न्याय करणाऱ्यांना बजावलं आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ७व्या ओवीत थेट आज्ञा आहे की अभक्ताला नीतिमान ठरवू नकोस. पौल ते ग्रीक भाषांतर कोळून प्यायलेला होता. आणि रोम ४:५ मध्ये तो देवाचं वर्णन काय करतो? 'अभक्ताला नीतिमान ठरवणारा.' तेच क्रियापद, तोच 'अभक्त'. माणसाने केलं तर भ्रष्टाचार ठरेल, तेच देव करतो, असं पौल बेधडक लिहितो. हे वाचून अंगावर काटा आला नाही, तर आपण ती ओळ वाचलीच नाही असं मला वाटतं. हा निकाल अन्याय का नाही, याचं उत्तर त्याने आधीच, ३:२४-२६ मध्ये देऊन ठेवलं आहे: पापाकडे काणाडोळा झालेला नाही, त्याचं प्रायश्चित्त ख्रिस्ताच्या रक्ताने झालं, म्हणून देव स्वतः न्यायी राहूनही विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवू शकतो. 'नीतिमान'ऐवजी नुसतं 'सद्गुणी' वाचलं तर हा सगळा पेच हातातून निसटतो.

'विश्वासाने' यातला 'ने'ही तपासून घ्यावा. 'पावसाने पीक गेलं' यात तो कारण सांगतो, 'चाकूने कापलं' यात साधन. पौल विश्वासासाठी 'द्वारे' आणि 'पासून' अशा अर्थाच्या रचना वापरतो, पण 'विश्वासामुळे', म्हणजे विश्वासाच्या लायकीपायी, अशी रचना तो कधीच करत नाही. म्हणून शिकवताना 'विश्वासामुळे' म्हणणं मी टाळते. तसं म्हटलं की विश्वास हेच एक पुण्यकर्म होऊन बसतं. पौलाला नेमकं तेच नको आहे: मजुराला मिळते ती मजुरी, तो त्याचा हक्क, देणगी नव्हे (४:४). अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून 'गणला' गेला यातलं 'गणणे' हे ग्रीकमध्ये हिशेबाच्या वहीतलं क्रियापद आहे, ते मराठीत छान उतरलं आहे.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातली ओवी (२:२४) वाचून मुलं गोंधळतील: माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. इथे मराठी मदतीला येते. 'ठरणे' म्हणजे निकाल लागणे, तसंच 'त्याचा अंदाज खरा ठरला' म्हणतो तेव्हा प्रत्ययाला येणे. याकोब दुसऱ्या अर्थाने बोलतो असं पुष्कळ प्रोटेस्टंट अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. त्याचं उदाहरण अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला नेलं त्याचं आहे, आणि अब्राहामाचा विश्वास गणला गेला तो प्रसंग उत्पत्तीत त्याच्या बराच आधी येतो.

मुलांना सांगताना कर्ता गाळू नका. 'आपण नीतिमान ठरतो'पेक्षा 'देव आपल्याला नीतिमान ठरवतो' हे वाक्य बरं. आणि लूकच्या १८व्या अध्यायातला जकातदार वाचून दाखवा. दूर उभा, वर बघायची हिंमत नाही, ऊर बडवून दया मागतो. वागणूक सुधारल्याचं एक अक्षरही तिथे नाही, तरी नीतिमान ठरून घरी जातो तो हाच, उपास आणि दशमांश मोजून दाखवणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, नव्हे.

'नीतिमत्करण' मात्र नको. शुद्धीकरण, रुंदीकरण यांतलं 'करण' वस्तूच बदलल्याचं सांगतं. 'दिकाइओओ'साठी वापरलेल्या लॅटिन शब्दातही 'करणे' होतं, आणि प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनने त्याचा अर्थ 'नीतिमान बनवणे' असाच घेतला. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनेही म्हटलं की यात पापक्षमेबरोबर अंतःकरणाचं नूतनीकरणही येतं. प्रोटेस्टंट सुधारक लूथरच्या वारसांनी, म्हणजे लूथरन मंडळींनी, निकालाचा अर्थ धरला. ३१ ऑक्टोबर १९९९ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी या विषयातल्या मूळ सत्यांवर एकमत झाल्याचं संयुक्त घोषणापत्र केलं. मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ २००६ मध्ये त्यात सामील झाला. आपला 'ठरवणे' प्रोटेस्टंट बाजूला झुकलेला आहे हे खरं, आणि वर्गात कॅथलिक घरातलं मूल असेल तर तेही सांगायला हवं. पण 'करण' लावलं तर पौलाचं कोर्टच नाहीसं होतं, म्हणून माझं मत 'ठरवणे'लाच.