मुलगी मिशन टीमबरोबर जॉर्डनला निघाली आहे: आधी काय विचारावं, तिथे काय सांभाळावं

प्रश्न: आम्ही मूळचे नगरचे, गेली बरीच वर्षं लेस्टरला आहोत. मुलगी २२ वर्षांची आहे. तिच्या चर्चची आठ जणांची टीम दोन आठवड्यांसाठी जॉर्डनमधल्या मफरक शहरात सीरियन निर्वासित कुटुंबांत काम करायला जाणार आहे. तिचं ठरलंय. तिच्या बाबांना मात्र मुस्लिम देशात ख्रिस्ती मिशन म्हटलं की झोप लागत नाही. आम्ही तिला अडवावं का? नाही तर काय बजावून पाठवावं?

उत्तर: जय ख्रिस्त. अडवू नका, पण टीम लीडरला प्रश्न विचारल्याशिवाय तिकिटाचे पैसेही भरू नका.

बाबांची भीती खरी आहे, फक्त थोडी चुकीच्या जागी आहे. जॉर्डनमध्ये इस्लाम हा राजधर्म आहे, आणि त्याच राज्यघटनेचं कलम १४ उपासनेचं स्वातंत्र्यही देतं. मादबा, करक, सॉल्ट या गावांत पिढ्यान्‌पिढ्या अरब ख्रिस्ती कुटुंबं राहतात, चर्चच्या घंटा वाजतात. अडचण येते ती मुसलमानांना धर्म बदलायला सांगण्यावरून. तसा आरोप आला तर परदेशी पाहुण्याची चौकशी होते आणि बहुधा त्याला विमानात बसवून परत पाठवलं जातं. इस्लाम सोडणाऱ्या स्थानिक माणसाचं तसं नाही. त्याचं धर्मांतर कायदा मानत नाही. कुणी शरिया न्यायालयात तक्रार केली तर त्याचं लग्न रद्द होऊ शकतं, वारसाहक्क जाऊ शकतो, मुलांचा ताबाही जाऊ शकतो. टीमला बोलावणाऱ्या स्थानिक चर्चवर पोलिसांची नजर राहते ती वेगळीच. म्हणजे तुमच्या मुलीच्या एका वेंधळ्या वाक्याची किंमत ती लेस्टरला परतल्यावर दुसरंच कुणीतरी मोजत बसेल. मोरोक्कोत २०१० च्या मार्चमध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून बरेच परदेशी ख्रिस्ती एकाएकी देशाबाहेर काढले गेले. त्यात ऐन ल्यू इथल्या अनाथालयात पालक म्हणून राहणारी जोडपीही होती. ती गेली, मुलं मागे राहिली. घरी बोलायला बसाल तेव्हा मुलीच्या सुरक्षिततेइतकंच याबद्दलही बोला.

आता टीम लीडरला विचारायचं. पहिला प्रश्न: तिथे यजमान कोण, आणि त्यांनी नेमकं काय मागितलं आहे? ‘आम्ही जाऊन गरज बघू’ असं उत्तर आलं तर ती टीम तयार नाही असं समजा. मफरकमधल्या छोट्या चर्चनी २०११ नंतर सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबांना गाद्या, शेगड्या, धान्य द्यायला सुरुवात केली. त्यांना वस्तीतल्या गल्ल्या आणि घरं पाठ आहेत. त्यांना हवी असतात माल बांधणारी, गाडीत चढवणारी, घरभेटीला सोबत येणारी माणसं. दुसरा प्रश्न: पोलिसांनी थांबवलं तर बोलणार कोण? उत्तरात एका स्थानिक जबाबदार माणसाचं नाव आणि फोन यायला हवा. तिसरा: व्हिसा कोणता, आणि ठरलेलं काम त्यात बसतं का? हे यजमानांकडून लेखी घ्यावं. विमानतळावर विचारलं तर खरं सांगायचं: अमुक चर्चचे पाहुणे आहोत, त्यांच्या मदतकार्यात हातभार लावायला आलो आहोत. ‘फक्त पेत्राचे प्राचीन अवशेष बघायला आलोय’ असं सांगून बॅगेत अरबी पत्रकांचे गठ्ठे निघाले तर त्यापुढे काहीही खरं सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. स्वतःच्या वापराचं एक पवित्र शास्त्र पुरे. ड्रोन घरी ठेवायला सांगा, विमानतळावरच जप्त होतो.

जाअतरी या सीरियन निर्वासितांच्या छावणीत आपण जाणार, असं टीममध्ये कुणी सांगत असेल तर तेही तपासा. ती छावणी मफरकजवळच, सीरियाच्या सीमेपासून साधारण १२ किलोमीटरवर आहे, आणि तिथे सरकारी परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. जॉर्डनमधले बहुसंख्य सीरियन निर्वासित छावण्यांबाहेर, शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. टीमचं खरं काम तिथेच असतं. विम्याचे कागदही याच वेळी वाचा. ब्रिटिश सरकारने जाऊ नका म्हटलेल्या पट्ट्यात गेल्यास बहुतेक विमा लागू होत नाही, आणि पोती उचलण्यासारखं अंगमेहनतीचं काम कित्येक पॉलिसींत वगळलेलं असतं.

रेशनवाटप सोपं वाटतं आणि तिथेच सर्वांत जास्त बिघडतं. इंग्लंडहून कपडे आणि डबे भरून नेऊ नयेत. सामानाच्या भाड्यात मफरकच्या दुकानातून दुप्पट माल येतो आणि दुकानदारालाही धंदा मिळतो. पाच माणसांच्या कुटुंबाला महिनाभर हातभार म्हणून तांदूळ ५ किलो, बुलगुर (गव्हाचा दलिया) २ किलो, मसूर २ किलो, छोले १ किलो, साखर ३ किलो, तेल ३ लिटर, चहा अर्धा किलो, टोमॅटोची पेस्ट आणि मीठ एवढं धरलं तरी १७-१८ किलो होतं. ते एका पोत्यात भरलं तर कडेवर मूल असलेल्या बाईला तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही, म्हणून दोन पिशव्या कराव्यात. यादी आदल्या दिवशी यजमानांनी करायची आणि वेळ प्रत्येक कुटुंबाला वेगळी द्यायची. दारात सगळ्यांना एकदम बोलावलं की रेटारेटी होते, आणि शेवटच्या पाच घरांना माल पुरत नाही. शेजारचं गरीब जॉर्डेनियन कुटुंब हे सगळं बघत असतं. यादीत त्यांनाही धरलं नाही तर पाहुणे गेल्यावर राग निर्वासितांवर निघतो.

पिशवीत पत्रक घालायचं नाही. पिशवी देण्याआधी प्रार्थनेला बसवायचं नाही. हे आम्ही केवळ जॉर्डनच्या कायद्याला भिऊन सांगत नाही. रेडक्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत हेच आहे: मदत गरज बघून द्यायची, धर्माचा पुरस्कार करण्यासाठी वापरायची नाही. २०११ साली व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून काढलेल्या निवेदनातही गरिबीचा फायदा घेऊन आमिष दाखवणं ख्रिस्ती साक्षीत बसत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. मुलीच्या टीमचा बेत याविरुद्ध असेल तर तिने या टीमबरोबर जाऊ नये, हे आमचं मत.

मग ख्रिस्ती म्हणून करायचं काय? ओळख लपवू नये. मफरकजवळचं छातीच्या आजारांचं मिशन रुग्णालय कित्येक वर्षं बेदुइन (भटक्या अरब जमातीच्या) क्षयरोग्यांवर उपचार करत आलं आहे, आणि ते कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिरजेचं मिशनचं वॉनलेस हॉस्पिटल ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

घरभेटीत विश्वासाची गोष्ट बहुधा यजमान घरच काढतं. अरब घरात धर्माबद्दल विचारणं उद्धटपणाचं समजत नाहीत. लेस्टरला वाढलेल्या मुलांनाच ते अवघड वाटतं. विचारलं तर स्वतःपुरतं, दोन-तीन वाक्यांत सांगावं आणि थांबावं. पैगंबर आणि कुराण यांवर मत देऊ नये, तुलना करू नये, वाद जिंकायला तर मुळीच बसू नये. कुणी आजारी असेल तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं आधी विचारावं. बहुतेक घरं हो म्हणतात. नाही म्हणाली तर चहा घ्यावा. अठरा वर्षांखालच्या मुलांशी आईवडिलांच्या पाठीमागे हा विषय काढायचाच नाही. एखाद्याने कोपऱ्यात गाठून ‘मला आणखी जाणून घ्यायचंय’ म्हटलं, तर तुमच्या मुलीने एकच करायचं: तिथल्या पाळकांना सांगायचं, तेही फोनवर लिहून नव्हे तर समोरासमोर. नंबर द्यायचा नाही, ग्रुपमध्ये घ्यायचं नाही, बाप्तिस्म्याचं तर नावही काढायचं नाही. अशा माणसाचं पुढचं आयुष्य त्याच गावात जाणार आहे. त्याने कधी, किती पुढे जावं हे वर्षानुवर्षं त्याला ओळखणाऱ्यांनी बघायचं.

भेटीला तिघेजण आणि दुभाषी, त्यात दोन स्त्रिया. घरात पुरुष नसेल तर फक्त स्त्रियांनी आत जावं. चपला बाहेर, जमिनीवर मांडी घालून, पायाचे तळवे कुणाकडे न करता बसावं. कडू कॉफीचा छोटा कप पुन्हा पुन्हा भरला जातो. पुरे असेल तेव्हा तो हातात थोडा हलवून परत द्यायचा. पाऊण तासात निघावं. ‘सीरियातून कसे आलात?’ हे विचारू नये. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद सत्ता गेल्यापासून ‘मग परत कधी जाणार?’ हा प्रश्न पाहुण्यांच्या तोंडी सहज येतो. घर पडलेलं, इथे मुलांची शाळा चालू, अशा माणसाला तो प्रश्न हाकलल्यासारखा लागतो.

आपल्या मुलांसाठी काही खास गोष्टी. भारतीय चेहरा बघून ‘हिंदी?’ (म्हणजे भारतीय का?) असं विचारतात आणि लगेच शाहरुख, अमिताभ निघतात. एरवी बोलायला काही सुचत नसेल तर ते बरंच आहे. गायकवाड किंवा साळवे या आडनावावरून धर्म कळत नाही, त्यामुळे काहीजण हिंदू समजून भारतातल्या राजकारणावर बोलू लागतात. तिथे हसून विषय बदलावा. दक्षिण आशियाई मुलीला कधीकधी घरकामाला आलेली बाई समजून तुच्छतेने वागवलं जातं. तिला हे आधी माहीत असू द्या, आणि टीममधल्या गोऱ्या मुलांनाही. जॉर्डनमधल्या फार मोठ्या लोकसंख्येची मुळं पॅलेस्टाइनमध्ये आहेत. इस्रायलच्या झेंड्याचे टीशर्ट, की-चेन काही चर्चच्या मुलांकडे असतात. ते बॅगेतही नकोत.

कपड्यांसाठी आपला सैलसर सलवार-कुर्ता उत्तम, बाह्या मनगटापर्यंत. डोकं झाकायची सक्ती नाही, ओढणी पिशवीत असावी. गळ्यातला क्रॉस तिथले ख्रिस्तीही घालतात, घरभेटीत काय करायचं ते यजमान सांगतील. थंडीत मफरकचं पठार गारठतं आणि खोलीत केरोसीन किंवा गॅसची शेगडी पेटवतात. खिडकी बोटभर उघडी ठेवावी, शेगडी चालू ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. हिपॅटायटिस अ आणि टायफॉइडच्या लसी प्रवासाआधी निदान तीन-चार आठवडे घ्याव्यात. नळाचं पाणी पिऊ नये. टीम रमजानात जात असेल तर दिवसा रस्त्यावर खाणंपिणं पूर्ण बंद, तिथे तो कायद्याने गुन्हा आहे. आणीबाणीचा नंबर ९११.

राहिला फोन. २०२३ च्या सायबर कायद्याखाली धर्मावरून तेढ वाढवणाऱ्या पोस्टसाठी तुरुंगवास होऊ शकतो, आणि तेढ कशाला म्हणायचं हे पाहुणा ठरवत नाही. चेहरे, घराचे दरवाजे, पाळकांची नावं यांचे फोटो घेऊ नयेत. प्रार्थनेसाठी घरी पाठवायच्या निरोपात ‘एका कुटुंबाकडे गेलो, आई आजारी आहे’ एवढं पुरतं. आणि इथे तुमचीही जबाबदारी येते. तिने तुम्हाला पाठवलेला फोटो तुम्ही नगरच्या मावशींना पाठवाल, त्या मंडळीच्या ग्रुपवर टाकतील, आणि ‘मुसलमानांनी येशूला स्वीकारलं’ अशी ओळ जोडून तो जगभर फिरेल. तो अरबी वाचणाऱ्या कुणाच्याही हाती पडू शकतो. परतल्यावर चर्चमध्ये दाखवायच्या स्लाइड्सनाही हाच नियम. फेसबुकवरून एखाद्या कुटुंबाने तिला गाठून पैसे मागितले तर थेट पाठवू नयेत. यजमान चर्चला कळवावं, आणि मदत करायची असेल तर त्यांच्याच हातून करावी.