बंगळुरूला जरूर जा, पण आधी कार्ड मोकळं करा

प्रश्न: मी २८ वर्षांची आहे, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करते. हातात ५२ हजार येतात. आई माझ्यासोबत राहते, घरात कमावणारी मी एकटीच. यंदा १ मे शुक्रवारी आलाय, म्हणून आम्ही कॉलेजच्या चौघी मैत्रिणी तीन दिवस बंगळुरूला जायचं ठरवतोय. विमान ६,८००, हॉटेल ३,००० आणि बाकी खर्च ५,००० असा माणशी १५ हजारांचा अंदाज आहे. चौघींचं विमान आणि हॉटेल माझ्या क्रेडिट कार्डावर काढून नो-कॉस्ट ईएमआय करू, की म्युच्युअल फंडातली दरमहा ५ हजारांची एसआयपी तीन महिने थांबवू? दोन वर्षांत फंडात १ लाख ३१ हजार झालेत, म्हणून एसआयपीला हात लावायचं जिवावर येतं. बचत खात्यात २२ हजार आहेत. कार्डावर ७८ हजार बाकी आहेत, त्यातले ६० हजार जानेवारीत भरलेल्या पॉलिसीच्या हप्त्याचे. पण मिनिमम ड्यू (दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम) मी एकदाही चुकवलेलं नाही. पॉलिसी जानेवारी २०२४ ची आहे. १२ वर्षं वर्षाला ६० हजार भरायचे, विमा ६ लाखांचा, बोनस धरून विसाव्या वर्षी १५ लाख मिळतील. शिवाय टॅक्स वाचतो, असं एजंट म्हणाले होते. ट्रिपवर इतके पैसे घालवणं चूक आहे का?

उत्तर: चूक नाही. जा. घराचा भार एकटीने उचलणाऱ्या मुलीने मैत्रिणींसोबत तीन दिवस हिंडून यावं, यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सांगून टाकतो: एसआयपी दोन महिने थांबवा, ट्रिप स्वतःच्या पैशांनी करा, ईएमआय नको.

पण पत्र वाचताना मी अडलो ते दुसऱ्याच वाक्यापाशी. "मिनिमम ड्यू मी एकदाही चुकवलेलं नाही." हे तुम्ही शिस्तीचा पुरावा म्हणून लिहिलंय, आणि तुमच्या पैशांना सगळ्यात मोठी गळती तिथेच लागली आहे.

कार्डाच्या थकबाकीवरचं व्याज बहुतेक बँकांत महिन्याला ३ ते पावणेचार टक्के असतं. साडेतीन धरू. ७८ हजारांवर महिन्याला २,७०० रुपये व्याज झालं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाचशेच्या जवळपास. एकूण ३,२००. मिनिमम ड्यू साधारण ५ टक्के, म्हणजे ३,९००. तुम्ही मन लावून ३,९०० भरता तेव्हा मूळ रकमेतून जेमतेम सातशे रुपये कमी होतात. असंच वर्षभर चाललं तर तुमच्या खिशातून ४४ हजार जातील आणि बाकी उतरेल फक्त आठ हजारांनी. वर्षाचा दर ४२ टक्के, जीएसटी धरला तर ५० च्या घरात. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर कर्ज फिटायला वर्षं लागतील, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला स्टेटमेंटवर छापावा लागतो. तुमच्याही स्टेटमेंटवर तो असणार. बारीक अक्षरात असतो, शोधून वाचा.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बाकी पूर्ण फेडली नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज कार्डावर भरलेला किराणा आजपासूनच व्याज खायला लागतो. आता याच कार्डावर चौघींचं विमान आणि हॉटेल काढायचं म्हणजे ३९ हजारांची भर. मैत्रिणींनी पैसे महिन्याभराने दिले, तर तेवढ्या काळाचं दीड हजाराच्या वर व्याज तुमच्या एकटीच्या डोक्यावर. त्या बदल्यात मिळणारे पॉइंट चारशे रुपयांचेही नसतील. आणि नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावरचा जीएसटी असतो, आणि त्याचा हप्ता तुमच्या आत्ताच्या ओझ्यावर जाऊन बसतो. ज्या कार्डावर आधीच व्याज चालू आहे, त्यावर नो-कॉस्ट काहीच नसतं.

आता ते ६० हजार. पॉलिसीचा हप्ता तुम्ही कार्डावर भरलात आणि कार्ड फेडलं नाहीत. म्हणजे जवळपास ५० टक्क्यांनी कर्ज काढून तुम्ही बचत करताय. त्या बचतीवर मिळणार काय? १२ वर्षांत ७ लाख २० हजार भरायचे, विसाव्या वर्षी १५ लाख घ्यायचे. ऐकायला दामदुप्पट वाटतं. हिशोब मांडला की वर्षाला ५ टक्के निघतात. हेच पैसे पीपीएफमध्ये गेले असते तर आजच्या ७.१ टक्के दराने तेवढ्याच काळात २० लाख झाले असते.

शिवाय हे १५ लाख तुम्हाला लिहून कोणी दिलेत? बोनसच्या पॉलिसीसोबत एक तक्ता येतो. त्यात दोन रकाने असतात, एक ४ टक्के गृहीत धरलेला, दुसरा ८ टक्के. दोन्ही नुसते अंदाज असतात, त्यातल्या बोनसची हमी नसते. विकणारा बोट ठेवतो ते दुसऱ्या रकान्यावर. तुमची कागदपत्रं काढा आणि १५ लाख कुठल्या रकान्यात आहेत ते बघा. हाती १२ लाखच आले तर परतावा साडेतीन टक्क्यांवर येतो.

टॅक्स वाचतो म्हणून सांगितलं, याचा मला सगळ्यात राग आला. २०२३-२४ मध्ये नव्या करपद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होता. आज नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य आहे. विम्याच्या हप्त्यावरची ८०सी ची वजावट नव्या पद्धतीत मिळतच नाही. तुमच्या पगाराला वाचवायला टॅक्स नव्हताच. एजंटने तुमचा पगार विचारला असता तर हे दोन मिनिटांत कळलं असतं. आणि आई अवलंबून असलेल्या मुलीला ६ लाखांचा विमा? तो तुमचा एका वर्षाचा पगार. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या पैशांवर आईचं किती दिवस निभेल, हा प्रश्न विकताना कोणी विचारलाच नाही.

मग करायचं काय? पहिलं काम या आठवड्यात. फंडातले ७८ हजार काढा आणि कार्ड पूर्ण फेडा. मला माहीत आहे, तुमचा जीव त्या फंडात अडकलाय. पण फंडातून वर्षाला १२ टक्के मिळतील अशी आशा आहे, आणि कार्डावर ५० टक्के जाणार हे नक्की आहे. सर्वांत जुनी युनिट्स आधी विकली जातात, तुमची त्यातली बहुतेक वर्षापूर्वीची आहेत. नफा सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेच्या कितीतरी आत राहील. दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात येतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज दिसेल, कारण स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज नंतर लागतं. घाबरू नका, आणि "थोडंच आहे" म्हणून ठेवूही नका. तेही शेवटच्या रुपयापर्यंत भरा, तरच बिनव्याजी मुदत परत मिळते.

कार्ड मोकळं झालं की महिन्याचे ३,९०० सुटतात. एसआयपी एप्रिल आणि मे असे दोन महिने थांबवली की आणखी दहा हजार. दोन महिन्यांचे मिळून १७,८००. इथे तुमची ट्रिप उभी राहते. एसआयपी थांबवताना ॲपमध्ये जाऊन रीतसर पॉज करा. खात्यात पैसे न ठेवता हप्ता चुकू दिलात तर बँक दंड लावते.

ट्रिपचा तुमचा अंदाज मात्र मला पटलेला नाही. विमान आणि हॉटेल ठीक, पण "बाकी ५,०००" मध्ये तीन दिवस निघणार नाहीत. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर. तिथपर्यंत मेट्रो अजून पोचलेली नाही. टॅक्सी करायची तर चौघींनी एकच करा, नाहीतर वायुवज्रच्या बस शहराच्या वेगवेगळ्या भागांत जातात. मे महिन्यात तिथे संध्याकाळी वळीव येतो. पाऊस सुरू झाला की रस्ते तुंबतात आणि ॲपवरचे रिक्षा-टॅक्सीचे दर चढतात. म्हणून हॉटेल निवडताना खोली किती छान आहे यापेक्षा मेट्रो स्टेशन किती जवळ आहे ते बघा. कब्बन पार्क, एम. जी. रोड, लालबाग, मल्लेश्वरम या सगळ्या ठिकाणी मेट्रोने जाता येतं. व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत चौघी पोटभर खाल तेवढ्या पैशांत चर्च स्ट्रीटवर एकीचंही बिल भागायचं नाही. दोन्हीकडे जा, पण दोन्ही संध्याकाळी चर्च स्ट्रीट नको. बाकी खर्च साडेआठ हजार धरा. एकूण १८,३००. सुटलेल्या पैशांत पाचशे कमी पडतात, तेवढे बचत खात्यातून जाऊ द्या.

बुकिंग आत्ताच करावं लागेल, लाँग वीकेंडचं भाडं पुढे चढतच जातं. तुमच्या वाट्याचे ९,८०० आज खात्यातल्या २२ हजारांतून द्या, पुढच्या दोन महिन्यांत ते भरून निघतील. प्रत्येकीने आपलं तिकीट आपण काढावं, हे सगळ्यात बरं. एकत्रच काढायचं असेल तर आधी यूपीआयवर तिघींचे पैसे येऊ देत, मगच बटण दाबा. मैत्रिणींकडे आधी पैसे मागायला संकोच वाटतो, समजतं. पण स्वस्त तिकीट रद्द केलं तर बहुतेक वेळा काही कर आणि शुल्कांपलीकडे हाती काही लागत नाही. ऐनवेळी एकीची रजा नामंजूर झाली तर तिच्या तिकिटाचं काय, हे बुकिंगआधी चौघींनी ग्रुपवर स्पष्ट बोलून घ्या. ट्रिपआधी हा विषय पाच मिनिटांचा असतो, नंतर त्यावरून अबोला धरलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

जूनपासूनचे ८,९०० एसआयपीत लगेच घालू नका. आधी एक टर्म पॉलिसी, म्हणजे बचतीशिवायचा निव्वळ विमा, घ्या. तुमच्या वयाला १ कोटीचा वर्षाचा हप्ता साधारण दहा हजारांच्या आसपास पडतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईचं नाव आहे का, ते एचआरला विचारा. नसेल तर तो खर्च ट्रिपइतकाच, किंबहुना त्याहून तातडीचा. त्यानंतर तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे आरडी किंवा लिक्विड फंडात जमेपर्यंत सगळं तिकडेच जाऊ दे.

राहिली जुनी पॉलिसी. तिचा पुढचा हप्ता जानेवारी २०२७ ला आहे, त्यामुळे घाई नाही. तीन हप्ते मिळून तुमचे १ लाख ८० हजार गेलेत. अशा पॉलिसीत तिसऱ्या वर्षी हमीची सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम) भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते, म्हणजे ६३ हजार. हा आकडा वाचून पोटात कालवेल, पण गेलेले पैसे बाजूला ठेवून फक्त इथून पुढचा हिशोब करायचा. १५ लाख खरोखर मिळणार असतील, तर आज न घेतलेले ६३ हजार आणि उरलेले नऊ हप्ते मिळून परतावा पावणेसात टक्क्यांच्या पुढे जातो, जवळपास पीपीएफएवढा. म्हणून डोळे झाकून सरेंडर करा असं मी म्हणणार नाही. १२ लाख मिळणार असतील तर तो ५ टक्क्यांवर येतो. आणि ज्या घरात अडीअडचणीला पैसा नाही, तिथे महिन्याचे ५ हजार २०३५ पर्यंत या पॉलिसीत अडकवणं मला मान्य नाही. माझा कल थांबवण्याकडे आहे.

कंपनीला ईमेल करून तीन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर व्हॅल्यू, आतापर्यंत जमा झालेला बोनस, आणि पॉलिसी पेड-अप केली (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली) तर २०४४ मध्ये मिळणारी रक्कम. ७ टक्क्यांनी पैसा तेवढ्या काळात सुमारे सव्वातीनपट होतो. पेड-अपची रक्कम सरेंडर व्हॅल्यूच्या सव्वातीनपटीहून जास्त असेल तर पेड-अप करा, कमी असेल तर सरेंडर. पण टर्म पॉलिसी हातात पडल्याशिवाय यातलं काहीच करू नका. एजंटचा फोन येईल, "आता बंद केलीत तर नुकसान" म्हणतील. त्यांनाही तेच तीन आकडे मागा, लेखी.

आणि हप्ता कार्डावरून आपोआप कापला जाण्याची सोय लावलेली आहे का, ते आज रात्रीच बघा. असेल तर बंद करा, नाहीतर जानेवारीत तुम्ही ठरवायच्या आतच ६० हजार पुन्हा कार्डावर चढलेले असतील.