कळसूबाई सपाट दिसते, पेन्सिल चालत नाही. मी जीआयएस सोडू का?

प्रश्न : मी भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी अकोले तालुक्यातल्या आमच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र क्यूजीआयएस या संगणकावर नकाशे करायच्या (जीआयएसच्या) सॉफ्टवेअरमध्ये करतेय. हिलशेड (डोंगर-उतारांवरची छाया दाखवणारं चित्र) काढली की सगळं काळंपांढरं, खरखरीत येतं. थ्रीडीमध्ये कळसूबाई पाटासारखी सपाट. विहिरींच्या लेयरमध्ये (नकाशाच्या थरात) दुरुस्ती करायला गेले तर त्यासाठीची पेन्सिल करडीच राहते, आणि शेपफाइल (नकाशा साठवायचा एक जुना प्रकार) केली की गावांची नावं प्रश्नचिन्हं होतात. महिना गेला यात. बाबा शेती करतात, ते म्हणतात बी.एड. कर. मला या क्षेत्रातलं डोकंच नाही का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ एवढंच लिहून पाठवणारे खूप असतात. तू मात्र काय केलंस आणि काय दिसलं हे वेगवेगळं लिहिलंस. या कामाला लागणारी नजर तीच, आणि ती तुझ्याकडे आहे. चारही अडचणींचं मूळ फायलींत आणि सेटिंगमध्ये आहे, तुझ्या डोक्यात नाही.

आधी हिलशेड. तू घेतलेली उंचीची फाइल एसआरटीएम या अंतराळ मोहिमेची आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीतून ती तयार झाली. तिचा एक चौकोन जमिनीवर साधारण ३० मीटरचा, पण फाइलमध्ये तो अक्षांश-रेखांशात लिहिलेला आहे, म्हणजे जेमतेम ०.०००२८ अंश. उंची मात्र मीटरमध्ये. आता सॉफ्टवेअरच्या बाजूने बघ : आडवं ०.०००२८ सरकलं की उभं दहाने चढतंय. त्याच्या हिशेबी तुझ्या तालुक्यातला प्रत्येक बांध हा कोकणकडा आहे. म्हणून ती खरखर.

उपाय म्हणजे फाइल मीटरमध्ये आणणं. रास्टर मेनूत ‘वार्प’ घे आणि यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) झोन ४३ उत्तर, म्हणजे यादीतला ईपीएसजी ३२६४३ हा क्रमांक निवड. रिसॅम्पलिंग (नव्या चौकोनांची उंची काढायची रीत) ‘बायलिनियर’ ठेव, ‘निअरेस्ट’ ठेवलंस तर उतारावर पट्टे उमटतात. इथे बहुतेक जण एक चूक करतात : लेयरवर उजवी क्लिक करून नुसता सीआरएस (नकाशाची मोजपद्धत) बदलतात. त्याने आकडे बदलत नाहीत, फक्त पाटी बदलते, आणि नकाशा भलतीकडे जाऊन पडतो. (नागपूरकडचं कुणी हेच करत असेल तर त्यांना झोन ४४ लागेल. ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो.)

थ्रीडीचं मग सोपं आहे. तिथे ‘टेरेन’चा प्रकार मुळात ‘फ्लॅट’ असतो. तो ‘डीईएम’ (उंचीची फाइल) कर, नवी फाइल निवड आणि ‘व्हर्टिकल स्केल’ दीड-दोन ठेव. १६४६ मीटरची कळसूबाई वर येईल. प्रकल्पाचा सीआरएसही मीटरचाच ठेव, कारण बऱ्याच आवृत्त्यांत अंशांवर ही खिडकी उघडतच नाही. कुठे पाताळात गेलेला खड्डा दिसला तर त्या जागी उणे ३२७६८ असा आकडा असतो. ‘इथे माहिती नाही’ याची ती खूण आहे, तिला ‘नोडेटा’ म्हणून नोंदव.

पेन्सिलचं उत्तर तू जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्येच आहे. विहिरींचा लेयर सीएसव्हीतून (साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) थेट उघडलेला आहे. असा लेयर फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. तो ‘एक्स्पोर्ट’ करून जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या फायलीत ठेव, पेन्सिल लगेच पिवळी होईल.

शेपफाइल नको, जिओपॅकेजच घे असं मी सांगतो त्याला तुझी चौथी अडचणही कारण आहे. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा बाइटांपुरतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. म्हणजे ‘गाव’ लिहिलं की नऊ बाइट संपले, ‘गावाचे नाव’ मावणारच नाही. आतल्या नावांची प्रश्नचिन्हं होतात ती एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ नसल्यामुळे. जिओपॅकेजमध्ये हे दोन्ही प्रश्न येत नाहीत, आणि सगळं एकाच फायलीत राहतं. शेपफाइल म्हणजे खरं तर अनेक फायलींचा संच. माझ्या पहिल्या नोकरीत मी तो पेनड्राइव्हवर अर्धवट नेला. त्यातली माहितीच्या तक्त्याची .dbf मागे राहिली आणि तीनशे विहिरींची माहिती नसलेले नुसते ठिपके साहेबांसमोर उघडले. तो दिवस मला अजून आठवतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगतो. ओढे काढताना स्नॅपिंगचं (रेघांची टोकं आपोआप जुळवणारं) चुंबक चालू ठेव, अंतर दहा-बारा पिक्सेल. दोन ओढे डोळ्यांना जुळलेले दिसतात, पण मोठं करून पाहिलं की मध्ये फट असते आणि पाण्याचा हिशेब तिथेच तुटतो. रेघ नेहमी उगमाकडून संगमाकडे ओढ. शेवटी हिलशेडवर ठेवून बघ, रेघ डोंगराच्या धारेवरून चालली असेल तर ती चुकली आहे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांची काळजी खोटी नाही. नुसतं नकाशे गिरवण्याचं काम मिळतं, पण त्यातच राहिलेली मुलं पाच वर्षांनी तिथेच असतात. म्हणून पदवीनंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस शिकायचंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि सर्वेक्षणाचे नियम बरेच सैल केले, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली. नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र), भूजल सर्वेक्षण यंत्रणा, महापालिका, पाणलोटात काम करणाऱ्या संस्था, खासगी कंपन्या, या सगळ्यांकडे हे काम असतं. सरकारी जागा मात्र थोड्या आणि अनियमित, त्यांच्यावर विसंबून बसू नकोस. डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे. आधी ते कर, पैसे भरून क्लास लावायची घाई नको. बी.एड.चा पर्याय नंतरही खुला राहतो. माझं मत विचारशील तर जिओइन्फर्मेटिक्सच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा या वर्षी दे.

आणि एका रविवारी बाबांनाच ओढ्यावर घेऊन जा. फोनवर क्यूफील्ड हे ॲप टाक, त्यात हीच जिओपॅकेज उघडते. विहिरींच्या लेयरमध्ये एक रकाना वाढव : ‘पाणी कधीपर्यंत’. कुठली विहीर होळीला आटते आणि कुठली वैशाखातही पाणी धरते, हे त्यांना तोंडपाठ असणार. ते सांगतील तसं तू भरत जा. तो नकाशा झाला की मला पाठव.