खाणीत यंदा झाड नको

प्रश्न : काका, वाघोलीजवळ आमची ३ एकर जमीन आहे. वडिलांनी ती खडीसाठी खाणपट्ट्याने दिली होती. ७ वर्षांपूर्वी काम थांबलं. आता मधोमध एकरभर खड्डा आहे, ४० फूट तरी खोल. त्यात मार्चपर्यंत पाणी असतं. काठावर मुरमाचे ढीग पडून आहेत. राडारोडा टाकू द्या म्हणून एक ठेकेदार भावाच्या मागे लागलाय, वर पैसेही देतो म्हणतो. मला तिथं झाडी हवी आहे. वरच्या २ एकरांत फूटभर काळी माती पसरून येत्या जूनमध्ये हजार रोपं लावायचं मनात आहे. कोणती लावू?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : ताई, तुम्ही यादी मागितलीत आणि मी सांगणार, यंदा एकही लावू नका. रागावू नका, या विषयात माझी ३०० रोपं गेली आहेत. उमेदीच्या काळात मोशीकडच्या एका बंद खाणीत मी असाच जूनमध्ये पहार घेऊन उतरलो होतो. तळाला अखंड काळा पाषाण. त्यात घेतलेला खड्डा म्हणजे दगडी पेला. जुलैत पेले तुडुंब भरले, मुळं कुजली. त्यातून तगली ती एप्रिलात वाळली. दिवाळीनंतर मोजली तेव्हा ४१ उरली होती, पुढच्या मेमध्ये ६. आणि त्याच खाणीच्या भिंतीत, एका भेगेत, कुणीच न लावलेला उंबर माझ्या छातीपर्यंत आलेला. पाखरांनी लावला होता. त्यांना भेगा कळतात, मला कळल्या नव्हत्या.

काळ्या मातीचा हिशेब करून बघा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे फूटभर थर द्यायचा तर एकराला ४३५ ब्रास, २ एकरांना ८७० ब्रास. ४ ब्रासचा डंपर धरला तरी २००च्या वर खेपा. पैसे असले तरी ती माती कुणाच्या तरी शेतातूनच खरवडून येणार, आणि पहिल्या वळवाला त्यातली निम्मी तुमच्या खड्ड्यात जाऊन बसणार. तुमच्याकडे याहून चांगला ऐवज आहे, तो म्हणजे काठावरचे ढीग. खाण उघडताना वरची माती आणि मुरूम बाजूला सारतात, तोच तो. त्यात मूळ शिरतं, पाणी थांबतं आणि जास्तीचं निघूनही जातं. फक्त ढीग विकू नका. विकायचा तर परवानगी आणि रॉयल्टी लागते, पण माझं कारण ते नाही.

आता राडारोडा. इथं मात्र मी भावाशी भांडेन. आपल्याकडे जमिनीखालचं पाणी खडकाच्या भेगांतून आणि मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांच्या ठिसूळ खडकातून फिरतं. खाणीने त्या भेगा उघड्या पाडल्या आहेत. खड्ड्यात रंगाचे डबे, जिप्समचे तुकडे, तुटके सिमेंटचे पत्रे गेले की त्यांचा अर्क शेजाऱ्याच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. पुण्याच्या कचरा डेपोपायी उरुळी देवाची-फुरसुंगीच्या विहिरींचं पाणी कसं नासलं, ते भावाला आठवत असेल. आणि पुढेमागे प्लॉट पाडण्याचा विचार असेल, तर असा भराव कित्येक वर्षं खचत राहतो, हेही सांगा. उलट, खड्डा मोकळा ठेवलात तर पुण्याकडच्या ७०० मिलिमीटर पावसाने एकरभर खड्ड्यात २८ लाख लिटर पाणी थेट पडतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची जुनी खाण एकदा भावाला दाखवून आणा. पाणी आहे म्हणून तिथं पाखरं आहेत.

तर यंदा काय? आधी तहसील कार्यालयात जाऊन खाणपट्टा कागदोपत्री बंद झालाय का आणि खाण घेतलेल्या जुन्या ठेकेदाराकडे कोणत्या अटी बाकी आहेत, ते बघा. मग कुंपण, काठापासून १५ फूट सोडून. खाणीच्या पाण्यात पोरं बुडतात, त्यामुळे यात चालढकल नको. ट्रक उतरायची जुनी उतरण मोडू नका. पडलेलं जनावर तिथूनच वर येतं. काठाच्या वरच्या अंगाला चर काढा, म्हणजे वाहतं पाणी मुरमाची कड कापणार नाही. ढिगांचे उभे कडे कलते करून घ्या. भिंती मात्र तासायला जाऊ नका. शृंगी घुबड हिवाळ्यात अशाच कपारीत अंडी घालतं.

तुमच्या खाणीत काम केलेला एखादा वडार म्हातारा गावात असेलच. त्याला घेऊन एकदा खाली उतरा. सांध कुठं होती, सुरुंग कुठं फुसका जायचा, पाझर कुठं लागला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तो दाखवेल तिथं चुन्याने खुणा करा. पुढल्या वर्षीची झाडं त्या खुणांवर.

नोव्हेंबरात पवन्या आणि मारवेल ही गवतं पिकलेली असतात. बियांसकट कापून आणा, कोरडे ठेवा आणि पुढच्या मेअखेर ढिगांवर पसरून द्या. गवताने ढीग धरला की पहिल्या पावसात खैर, हिवर, बोराच्या बिया टोका. मोठी रोपं नकोत. करवंद कडेला, करंज पाण्याच्या अंगाला, भेगांत उंबर आणि पिंपरण, तीही पाटीभर माती-शेणखत कोंबून. नर्सरीवाला उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) गळ्यात मारायला बघेल, लवकर हिरवं दिसतं म्हणून. आपल्या टेकड्यांवर ती पुरे झाली. हजाराचा आकडा सोडा, १५० जगली तर मी पेढे मागेन.

एक काम मात्र याच मेमध्ये करा. पाणी आटलं की भिंतीवर तळापासून फुटाफुटावर ऑइलपेंटच्या रेघा मारून घ्या. दर पंधरवड्याला पाणी कितव्या रेघेवर आहे ते वहीत लिहा आणि पुढच्या मार्चमध्ये ती वही मला पाठवा. करंज कुठवर आणायचा, ते त्यावरून सांगतो.