'टीम इज' बरोबर की 'टीम आर'?

तुमचा प्रश्न: 'द टीम इज' लिहिलं तर एक जण चूक काढतो, 'द टीम आर' लिहिलं तर दुसरा, परीक्षेत काय लिहायचं?

दोन्ही बरोबर. 'आर'वर लाल फुली मारणाऱ्यांनी ब्रिटिश वर्तमानपत्राचं क्रीडापान बहुधा उघडलेलंच नसतं; तिथे 'इंग्लंड आर' सर्रास छापतात. अमेरिकन इंग्रजीत मात्र टीम, कमिटी, फॅमिली ही नामं बहुतेक वेळा एकवचनीच.

ब्रिटिश लिहिणारा बघतो ते इतकंच, की गट एक होऊन वागतोय की त्यातली माणसं वेगवेगळी दिसताहेत. 'द कमिटी हॅज अप्रूव्ह्ड द प्लॅन': निर्णय एक, क्रियापद एकवचनी. 'द कमिटी आर आर्ग्युइंग अमंग देमसेल्व्ह्ज': भांडायला किमान दोघं लागतात. आपणही 'मंडळी जमली आहे' म्हणतो आणि 'मंडळी जमली आहेत'ही म्हणतो. तिथे कुणी फुली मारत नाही.

फुली मारायचीच तर 'द टीम इज चेंजिंग देअर कोच'वर मारा. क्रियापद एकवचनी, सर्वनाम अनेकवचनी. बोलताना खपून जातं, लेखी उत्तरात खटकतं. 'इज' घेतलं की 'इट्स', 'आर' घेतलं की 'देअर'. तसंच 'द फॅमिली व्हिच हॅज', पण 'द फॅमिली हू हॅव'. आणि 'आर' घेतलं म्हणून 'धिस टीम'चं 'धीज टीम' होत नाही, 'धिस'च राहतं.

'पोलीस'ला मात्र पर्याय नाही, कायम 'द पोलीस आर'. मराठीत 'एक पोलीस आला' चालतं, म्हणून आपली जीभ 'अ पोलीस हॅज कम'कडे घसरते. एकटा असेल तर 'पोलीस ऑफिसर' लिहा. 'कॅटल'चंही तसंच. उलट 'फर्निचर' आणि 'लगेज' कितीही असो, 'इज'च.

'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज'. पहिल्यात मुलं मोजायची, दुसऱ्यात आकडाच कर्ता.

हां, परीक्षेत टीम, कमिटीसारख्या नामापुढे पर्यायांमध्ये 'इज' आणि 'आर' दोन्ही असतील तर मुकाट्याने 'इज' निवडा. तपासणारा बहुधा फुलीवालाच असतो. वाक्यात पुढे 'देअर' किंवा 'देमसेल्व्ह्ज' दिसलं तरच 'आर'. तरीही गुण कापले, तर 'देमसेल्व्ह्ज'वर बोट ठेवून विचारा, हे अनेकवचन कुणाचं?