समोरच्या गच्चीवर टॉवर बसलाय, घर बदलावं का?

तुमचा प्रश्न असा: परळला समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसलाय, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, भाड्याचं घर सोडावं का? आणि चिमण्या दिसेनाशा झाल्या त्याही टॉवरमुळेच ना?

घर सोडू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

मी काही वर्षं टॉवरच्या रेडिएशनची मोजणी करत फिरलोय. एकदा लालबागला एका काकूंच्या घरी गेलो होतो. नातू पाळण्यात, आणि खिडकीतून समोरचे अँटेना दिसतायत. मीटर म्हणजे एक दांडा आणि त्याच्या टोकाला गोळा. तो पाळण्याशेजारी सहा मिनिटं धरून उभा राहिलो. आकडा सरकारी मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याच्याही खाली. काकूंचा विश्वास बसेना, "मशीन बिघडलंय का बघा" म्हणाल्या. तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाईल वाजला आणि आकडा टुणकन वर गेला. काकूंनी फोन लांब नेला, आकडा उतरला. जवळ आणला, चढला. तीन-चारदा करून बघितलं. मग फोन फ्रिजवर ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे चोर घरातच होता की!"

चोर म्हणणं जरा जास्तच झालं, पण मुद्दा बरोबर होता. लहरी अंतराबरोबर झपाट्याने विरतात: अंतर दुप्पट झालं की जोर चौथा हिस्सा उरतो. टॉवर कितीही मोठा दिसला तरी तो रस्त्यापलीकडे आहे, फोन कानाला. शिवाय टॉवर हाकेच्या अंतरावर असला की फोन कुजबुजतो, लांब असला की ओरडतो. टूजीचा फोन रेंज नसताना दोन वॅटपर्यंत जोर लावायचा, चांगल्या रेंजमध्ये त्याचा अगदी किरकोळ हिस्सा. भांडुपच्या एका सोसायटीने भांडून गच्चीवरचा टॉवर काढायला लावला, आणि नंतर तिथली माणसं एक कांडी रेंजवर तासतासभर फोन कानाला लावून बसायची. मला त्यांच्यापुढे हसावं की रडावं कळेना.

आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींसाठी ती ४.५ ची ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर झाली. या कडकपणामागे मुंबईचाही हात होता. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी २०१० मध्ये दूरसंचार खात्याला टॉवरबद्दल अहवाल दिला होता. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण त्यांच्यामुळे मोजणीला महत्त्व आलं हे खरं.

कॅन्सरचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना "कदाचित कर्करोगकारक" अशा २बी गटात टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुढे संघटनेने करून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले, तर मोबाईलचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. अमेरिकेत उंदरांवर दोन वर्षं, दिवसाला नऊ तास प्रयोग झाला. त्यात काही नर उंदरांच्या हृदयात गाठी सापडल्या, पण गंमत म्हणजे ते नर लहरींपासून दूर ठेवलेल्या नरांपेक्षा जास्त जगले. बातमीत फक्त गाठी आल्या.

आता चिमण्या. २०२० च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालानुसार देशभरात मिळून त्यांची संख्या साधारण टिकून आहे, घटल्यात त्या मुंबईसारख्या महानगरांत. टॉवर तर आता गावोगावी आहेत. मग फरक कशाचा? तुमच्याच परळमध्ये बघा: कौलांच्या वळचणी गेल्या, चाळींच्या जागी काचेचे मनोरे आले, धान्य निवडून दारात पाखडणारं कोणी उरलं नाही. पिल्लांना तर दाणेही चालत नाहीत, अळ्या-किडे लागतात. ते मिळायला झाडझुडूप हवं. लहरींचा पक्ष्यांवर परिणाम होतच नाही असंही नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात रॉबिन पक्ष्याला दिशा कळत नाही, पण त्या लहरी मोबाईलच्या नव्हत्या, एएम रेडिओच्या पट्ट्यातल्या होत्या.

तरी मनाला लागून राहिलं असेल तर दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर पत्ता टाकून आसपासचे टॉवर बघा. तिथून मोजणीही मागवता येते, मी काम करत होतो तेव्हा शुल्क ४,००० रुपये होतं. बाळाच्या उशाशी फोन ठेवू नका, लिफ्टमध्ये बोलू नका, लांबलचक बोलणं इयरफोनवर करा. फोनवर *#०७# दाबलंत तर त्याचं एसएआर मूल्य, म्हणजे फोनच्या लहरींची ऊर्जा शरीर किती शोषतं त्याचा आकडा, दिसेल; भारतात मर्यादा किलोला १.६ वॅट आहे.

एक मात्र लिहायचं राहिलंय तुमचं: मजला कितवा? अँटेनाचा झोत आडवा, किंचित खाली झुकलेला जातो, त्यामुळे टॉवरखालच्यांकडे दिव्याखाली अंधार असतो, आणि समोर त्याच उंचीवर राहणाऱ्यांकडे जास्त येतो. तुमची खिडकी अँटेनाच्या उंचीला असेल तर मोजणी मागवाच. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असाल तर मोजणीचे पैसे वाचवा.